आंब्यावरची रेष

"केळं कोणी खाल्लं?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

चित्रकलेच्या क्लासात आम्ही सात जण माना खाली घालून बसलो होतो. टेबलावर निळं फडकं, पितळेचा तांब्या आणि दोन पेरू जिथल्या तिथे होते. केळ्याच्या जागी मात्र खडूने काढलेला केळ्याचा आकार तेवढा उरला होता. ही सरांची पद्धत होती. स्थिरचित्रासाठी वस्तूंचा ग्रुप एकदा लावला की प्रत्येक वस्तूभोवती ते खडू फिरवत, म्हणजे झाडलोटीत काही हललं तरी परत त्याच जागी ठेवता यावं. खाल्लेलं केळं परत कसं ठेवायचं हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

साळगावकर वयाने आमच्यात मोठा आणि भुकेनेही. पण त्याचं नाव सांगून मार कोण खाणार?

"भालचंद्र," सर माझ्याकडे वळले. "तुझ्या घरी न सडणारी, कुणी खाणार नाही अशी फळं टोपल्यांनी पडलेली असतील. उद्या घेऊन ये."

सगळे हसले. मी कानापर्यंत लाल झालो. आम्ही सावंतवाडीचे चितारी. आमच्याकडे पांगाऱ्याच्या लाकडाची फळं होतात. काका लाकूड कातून आकार द्यायचा, आई चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या मातीचा हात द्यायची, आणि माझे वडील, जिवबा चितारी, ती रंगवायचे. आंबे, केळी, चिकू, सीताफळं. लोक ती शोकेसमध्ये ठेवतात. मला त्या वयात त्यांची लाज वाटायची. मी चित्रकार होणार होतो आणि माझा बाप खेळणी रंगवत होता, असा माझा हिशेब. अकरावीत होतो, शिंगं नुकतीच फुटली होती.

मुंबईच्या कला महाविद्यालयात जायचं एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आळीतलं आजवर कोणी गेलं नव्हतं. सर म्हणाले होते, "दोन वर्षं आहेत. रोज एक वस्तू काढायची. एक साधन हाताला बसलं की दुसरं घ्यायचं. साधन बदललं की तीच वस्तू नवी दिसते. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख."

"आणि सर, वस्तू वाकडी असली तर?"

"वाकडी काढायची. ग्रुपमधल्या वस्तूशी भांडायचं नाही. आहे ते आहे. तू कोण तिला शहाणपण शिकवणारा?"

हे वाक्य आम्हाला पाठ होतं. कुणी तांब्याचा पोचा चित्रात बुजवला, की सर तो कागद फाडून हातात द्यायचे.

मी घरी येऊन फळांचं सांगितलं तेव्हा बाबांना कोण आनंद झाला! त्यांनी अंगावरचा पंचा झटकला, रंगवून वाळत ठेवलेल्या फळांतून एक आंबा उचलला, तोंडाजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"ह्यो घे. ह्यो बरो जमलो हा."

"कोणतोय चलात बाबा. माका फक्त काढूक व्हयो."

"कोणतोय कसो? तुझ्या मास्तरांसमोर जातलो तो."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते माझ्यासाठी एक फळ निवडून ठेवू लागले. बहुतेक आंबाच. मी माडीवर खिडकीशी फडकं टाकून ते ठेवायचो, भोवती खडू फिरवायचो आणि काढत बसायचो. चित्र झालं की ते फळ पुन्हा खाली टोपलीत जायचं.

पावसाळाभर पेन्सिल चालली. चतुर्थीनंतर सरांनी कोळशाची कांडी दिली. कोळसा फटकळ असतो. पेन्सिलीत जे लपवता येतं ते कोळशात लपत नाही. दिवाळीच्या आगेमागे, कोळशाने आंबा काढताना, मला पहिल्यांदा ती रेष दिसली. आंब्याचा देठाकडचा हिरवा खाली उतरताना पिवळ्यात विरघळायला हवा होता, तो विरघळत नव्हता. एका जागी हिरवा संपायचा आणि तिथून पिवळा सुरू व्हायचा. मध्ये स्पष्ट कड.

मला वाटलं, बाबा आता घाईत उरकतात. तीस वर्षं एकच काम केल्यावर माणूस कंटाळणारच. मी काही बोललो नाही. वस्तूशी भांडायचं नाही! ती कड मी कोळशाने मन लावून काढली, अगदी हौसेने. खरं सांगायचं तर त्यात थोडा खुनशीपणाही होता. बघा, तुमचा आंबा कसा आहे ते, असा.

मग तेलखडू आले, मग बोरू आणि शाई. शाईत तर छटा नसतेच, रेषाच रेषा. ती कड माझ्या चित्रात उठून दिसायला लागली. घरची चित्रं मी एकदा क्लासात मांडली होती, सर पाठीमागून जाताना थांबून "हं" म्हणाले. सरांचं "हं" म्हणजे आमच्याकडे शाबासकी. मी त्या संध्याकाळी चार आंबे काढले.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही जलरंगावर आलो. आई हल्ली सबंध वेळ बाबांशेजारी बसलेली असायची. रंगांच्या वाट्या मांडून द्यायची, त्यातली एखादी सरकली की लगेच जागेवर ठेवायची. मला वाटायचं, म्हातारपणी काय प्रेम उतू चाललंय! एकदा मी तिला चिडवलंही.

"आये, आता तूच रंगव. बाबांक पेन्शन दी."

ती हसली नाही. "तुझा तू बघ," म्हणाली.

त्या श्रावणात एका सकाळी माडीवर उजेड नव्हता, म्हणून मी ओसरीवर बाबांच्या बाजूला कागद लावून बसलो होतो. जलरंगाचं चित्र तीन तास चाललं होतं. पार्श्वभूमी वाळत आली होती, आंब्यावरच्या प्रकाशाची जागा कोरी राखून ठेवली होती. मुंबईला न्यायच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर हेच ठेवायचं मी ठरवलं होतं. बाबा उठले. त्यांच्या कोपराने बाजूचं पाण्याचं भांडं उडालं आणि सगळं पाणी माझ्या कागदावर.

मी ओरडलो. "दिसना नाय काय तुमका?"

"नाय दिसलां रे," बाबा म्हणाले. खाली बसून पंच्याने कागद टिपायला लागले. त्यामुळे उरलेला रंगही पुसला.

"सोडा! सोडा तो!" मी कागद ओढून घेतला. मग जे तोंडाला येईल ते बोललो. "तुमका बघूची सवयच नाय. तीस वर्सां आंबे रंगवतास, एकदा तरी खऱ्या आंब्याकडे बघल्यात? डोळे मिटून रंगवल्यासारखे रंगवतास. माका तुमच्यासारखा जावचा नाय."

आई आतून आली आणि दाराशी उभी राहिली. बाबा पंचा पिळत होते. दोनदा पिळून झाला तरी पिळत होते.

"बरां," ते म्हणाले. "नको जाव."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या फडक्यावर आंबा ठेवलेला होता.

पुढल्या मे महिन्यात मुंबईला मुलाखत होती. जायला आठ दिवस असताना सर म्हणाले, "सगळी चित्रं घेऊन ये. त्यातली बारा निवडू." मी गठ्ठा घेऊन गेलो. क्लासाला सुट्टी होती. सरांनी टेबल भिंतीला लावलं आणि निवडक चित्रं जमिनीवर तारखेप्रमाणे ओळीने मांडली. चाळीसेक आंबे, पेन्सिलीतले, कोळशातले, खडूतले, शाईतले, रंगातले. सर हात मागे बांधून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मी शाबासकीची वाट पाहत उभा.

"ही कड तू टाकतोस का रे, हिरव्या-पिवळ्याच्या मध्ये?"

"नाही सर. आंब्यावर आहे ती."

"सगळ्या आंब्यांवर?"

"पहिल्या पावसाळ्यातल्यांवर नाही. दिवाळीपासून आहे. मी आहे तसं काढलं."

"आहे तसं काढलंस." सर उकिडवे बसले. कोळशाचं चित्र हातात घेतलं, त्याच्याशेजारी मार्चमधलं जलरंगाचं ठेवलं. "इथे कड बारीक आहे. इथे बोटभर. आणि हे बघ, देठाचा काळा ठिपका बाजूला सरकलाय. हाही आहे तसाच?"

"हो सर."

"भालचंद्र, आंबा कोण रंगवतो?"

"बाबा."

सरांनी कोळशाचं चित्र खाली ठेवलं. "त्यांना छटा दिसत नाहीयेत," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं दिसत नाहीयेत. आणि तू रोज लिहून ठेवलंयस."

पाण्याचं भांडं आठवलं, आईने जागेवर ठेवलेल्या वाट्या आठवल्या, दाराच्या चौकटीवर आपटून बाबांच्या कपाळाला आलेलं टेंगूळ आठवलं. सगळं माझ्यासमोर घडलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

सर त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले. चित्रांचा विषय त्यांनी काढला नाही. "जिवबा, मला उद्या गोव्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, चष्मा बदलायला. सोबतीला चला," एवढंच म्हणाले. बाबा आढेवेढे घेत होते. आई मध्येच म्हणाली, "जावा. मास्तर बोलावतत तर जावा." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी तिच्यामागे चुलीपाशी गेलो. "आये, तुका ठावक होतां?"

"मोतीबिंदू असा म्हणत होते. पिकाक व्हयो, मगे काढतले. तुझी परीक्षा होयसर तुका सांगा नको म्हणान शपथ घातल्यानी."

"आणि दुकानदार? माल घेय होतो?"

तिने खाटेखाली बोट दाखवलं. खाटेखाली दोन टोपल्या होत्या, वर फडकं टाकलेल्या. दुकानातून परत आलेले आंबे. बाबांना ती विकले म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. गोव्यातल्या डॉक्टरांनी बाबांना अंधाऱ्या खोलीत तासभर बसवलं. मग आम्हाला आत बोलावलं.

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे," ते म्हणाले. "बाजूची नजर जवळजवळ गेलीय. पुंगळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसतंय, तेही फिकट."

"पिकलो नाय अजून?" बाबांनी विचारलं.

"हा पिकत नाही आजोबा. हा आतल्या आत खातो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब देतो, राहिलेली टिकली तर टिकली." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वर्ष-सव्वा वर्ष आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबाच म्हणाले, "झिल परीक्षेक बसलो हा. तेचो काय दोष?"

बसस्टँडवर बाबा बाकड्यावर बसले. सर मला रसवंतीच्या गाड्यापाशी घेऊन गेले. रस मागवलाच नाही. "मी तुम्हाला शिकवलं, वस्तूशी भांडायचं नाही," ते म्हणाले. "एकदा तरी भांडायचं होतंस रे. एकदा घरी जाऊन विचारायचं होतंस, ही कड कसली म्हणून."

मला सरांचा राग आला नाही. यायला हवा होता असं पुढे कधीकधी वाटलं. पण रेषा त्यांनी काढल्या नव्हत्या.

मी मुंबईला जाणार नाही असं घरी सांगितलं. मी रंगवीन आंबे, म्हटलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग हात पुढे करून माझा खांदा शोधला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यापासून त्यांनी दिसत असल्याचं सोंग सोडून दिलं होतं, वस्तू हाताने शोधायला लागले होते.

"तुझ्या डोळ्यांक काय झालां?"

"काय नाय."

"मगे जा. माझे गेले म्हणान तुझे बांधून ठेवूचे काय?"

मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण जायला मिळालं म्हणून आत कुठेतरी बरंही वाटलं.

मुलाखतीला तीन मास्तर होते. दोघांनी चित्रं भराभर उलटली. तिसरे, दाढीवाले, शाईच्या आंब्यावर थांबले. मग कोळशाचा आंबा काढला, मग मार्चमधला जलरंगातला. तिन्ही शेजारी लावले.

"ही रेष बघा," ते दुसऱ्यांना म्हणाले. "या वयाची मुलं सगळं गुळगुळीत करतात. याने फळ मधून कापलंय." मग मला, "मुद्दाम टाकलीस?"

वाटेत दहा तास मी एकच ठरवत आलो होतो, की विचारलं तर खरं सांगायचं. माझे वडील चितारी आहेत, त्यांची नजर जातेय, ती रेष त्यांची आहे. तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो सर."

"का बरं?"

"फळ पिकतं ते हळूहळू असं आपण समजतो. मला तो बदल एका जागी पकडायचा होता."

हे वाक्य कुठून आलं देव जाणे. दाढीवाल्यांनी मान डोलावली. "वा," म्हणाले. भिंतीवर लागलेल्या यादीत माझं नाव तिसरं होतं.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आई अंगणात भांडी घासत होती. बाबा ओसरीवर बसले होते. पुढ्यात रंग नव्हते, नुसतेच बसले होते. मी पाया पडलो आणि निवड झाल्याचं सांगितलं. आईने राखेचे हात तसेच कपाळाला लावले. बाबांनी मला बाजूला बसवून घेतलं.

"काय काय विचारल्यानी? नीट सांग."

मी कॉलेज कसं होतं, मास्तर कसे होते ते सांगितलं.

"चित्रां बघल्यानी?"

"होय. सगळी."

"खंयचां आवडलां?"

"आंबो. आंबे आवडले तेंका."

"माझे आंबे?" बाबा सरळ बसले. "काय म्हणाले? आंब्याबद्दल काय म्हणाले?"

बापाला आनंद द्यायच्या भरात माणूस किती बेसावध होतो! मी म्हणालो, "रेष खूप आवडली. असली रेष कोण काढीत नाय म्हणाले."

"रेष?" बाबांच्या कपाळाला आठी पडली. "कसली रेष? माझ्या आंब्याक रेष खंयची? हिरवो खंय सरता आणि पिवळो खंय लागता तां अख्ख्या आळीत कोणाक सांगाक येवचा नाय. आंब्याक रेष असता?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. थोडी जास्तच वळवली, माझा चेहरा त्यांच्या उरलेल्या नजरेत बसेना. आईच्या हातातली भांडी थांबली. ती अंगणातून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, नको म्हणून.

"रेष नाय बाबा," मी म्हणालो. "चुकलंय मी. छटा म्हणालो तो मास्तर. छटा."

"हां. छटा." बाबांचा चेहरा उजळला. "तसां सांग. छटाच म्हणतलो. जाणकार माणूस दिसता."

"होय. जाणकार होतो."

त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. समोरची उरलेली नजरही टिकली नाही, तिसऱ्या वर्षी सगळंच गेलं. माझी प्रदर्शनं झाली, त्या रेषेवरून माझं नाव झालं, लोकांनी तिच्यावर लिहिलं. आमच्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला बाबा एकच गोष्ट सांगायचे, की मुंबईच्या मोठ्या मास्तरांनी त्यांच्या आंब्याची छटा पाहिली आणि भाल्याला आत घेतलं. मी गावी असलो तर माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून विचारायचे, "होय मा रे?"

मी होय म्हणायचो.